डावा तांबडा

मडगावात, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथे म्हातारी माणसं आपापली यंत्रं
रुमालात गुंडाळून दुरुस्तीला आणतात,
इव्हेत कुतिन्यू बाईंनी विचारलं,
कोणाचं घेऊन आलीस?
म्हटलं, माझेच कान. ड्रम वाजवते.
चष्म्यावरून त्यांनी आधी माझी मनगटं पाहिली.

कापसाचा बोळा दोऱ्याला बांधून आत सरकवला,
जिथे आजवर फक्त नदीचं पाणी गेलं होतं
फेरीच्या धक्क्यावरून उडी मारताना.
मग पिचकारी. गार, गुलाबी, दाट.
दातांत ठोकळा धरून बसायचं पाच मिनिटं,
जबडा हलवायचा नाही.
डावी बाजू गेली, मग उजवी.
बाई काहीतरी सांगत होत्या, हसतही होत्या.
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा
पाय न वाजवता चालत होता.

साचे निघाले ते उकडलेल्या तिसऱ्यांच्या मांसासारखे,
वळसे घेतलेले, थोडे लाजिरवाणे.
बाई म्हणाल्या, डावा चेपलेला आहे गं तुझा.
सत्तावीस वर्षं एकाही आरशानं सांगितलं नव्हतं.

सहा लग्नांचे पैसे गेले.
हॉटेलातल्या शनिवारांचे वेगळे.

तीन आठवड्यांनी शिरोड्याला पार्सल आलं.
डबीत दोन थेंब, काचेसारखे,
उजव्यावर तांबडा ठिपका, डाव्यावर निळा.
बाबांनी डबी उन्हाला धरून पाहिली.
तीस वर्षं बार्जीच्या इंजिनात काढलेला माणूस,
सावर्ड्याहून मुरगाव, मुरगावहून सावर्डे,
खनिज भरून जायचं, रिकामं यायचं.
म्हणाले, चुकवलंय त्यांनी.
डावा तांबडा असतो.
मी मोठ्यानं म्हटलं, बाबा, ही होडी नाही.
म्हणाले, ओरडू नकोस, कळतं मला.
आणि एक उचलून स्वतःच्या कानाला लावून पाहिला.
फिरवला, दाबला, पुन्हा फिरवला.
नाही बसला.
त्यांचं स्वतःचं यंत्र कपाटात आहे,
कापराच्या डब्यामागे, सेल संपलेलं.
त्यात म्हणे फक्त पंखा ऐकू येतो.

संध्याकाळी मी ते घातले.
जरा पिळून आत ढकलायचे, मग कान स्वतःच गिळतो.
आधी टीव्ही गेला, फुल आवाजातल्या बातम्यांसकट.
मग पंखा. मग घर.
उरलं ते माझं आवंढा गिळणं,
खोल विहिरीत कोणी कळशी बुडवावी तसं,
आणि त्याच्याही खाली काहीतरी,
सारखं, न थांबता, धडधडणारं.
बाबा आत हेच ऐकत बसतात का?
विचारायचं कसं, ओरडून?

मग गेल्या महिन्यातली रिहर्सल लावली.
रुझारियोची गिटार थेट कपाळाच्या मागे.
बेसवरचं बोट तारेवरून सुटताना होणारी
बारीकशी खरखर.
कोणाचा तरी श्वास, आल्फ्रेडोचाच असणार, तो सिगारेट सोडत नाही.
आणि मी.
पेडल कुरकुरतं माझं, दर दुसऱ्या ठोक्याला.
आणि कडव्यावरून ध्रुवपदावर येताना
मी उशिरा पोचते.
फार नाही. केसभर.
पण दर वेळी.
तीन वर्षं हे सगळे मला सांभाळून घेत होते,
पाहुणीला जिन्यावरून हात धरून उतरवावं तसे,
आणि एकानं तोंड उघडलं नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा.
मांडीवर बोटांनी धरत होते ती जागा,
एकदा सापडली, दोनदा निसटली.
डोळे मिटलेलेच होते.
खांद्यावर हात पडला तेव्हा दचकून दोन्ही उपटले.
कान सुटतानाचा तो ओला आवाज,
आणि टीव्ही, पंखा, बेडूक, शेजारचा मिक्सर,
सगळं एकदम अंगावर.

बाबा दारात. हातात रिकामी पिशवी.
पोदेर आला नाही आज?

घड्याळात सव्वासात.
तो साडेसहाला येतो, सायकलवरून,
रबरी भोंगा पिळत, आमच्या फाटकाशी दोनदा,
कारण त्याला माहीत आहे
या घरात ऐकणारं एकच माणूस आहे.

आला असेल, मी म्हटलं.
त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं,
मग तळहातावरच्या दोन थेंबांकडे.
इतके हसले की दाराला धरावं लागलं.

रात्री पोई नव्हती.
सकाळचा भात होता, सुक्या बांगड्याशी खाल्ला.